तळच्या पायरीवरचे साहेब

सोबतिणीच्या कामाला तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर भरपूर कमावणारे, मधल्या पायरीवर महिनाअखेरीस ओढाताण होणारे, आणि तळच्या पायरीवर ज्यांची ओढाताण एक तारखेलाच सुरू होते ते. काम तिघांनाही एकच. शेवटच्या दोन महिन्यांत घरी येऊन तयारी करून घ्यायची, कळा सुरू झाल्या की दवाखान्यात उशाशी उभं राहायचं, कंबर दाबायची, हात धरायचा आणि बाळ घरी आलं की सहा आठवडे आईला सावरायचं. ती सुईण नव्हती, नर्सही नव्हती. बाळ धरणारे वेगळे, ही बाईला धरणारी. पैसे मात्र ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे. वरच्या पायरीवरचे दोघे मिळून तळची एक उचलायचे, म्हणून सगळं चालायचं.

आणि कागद मागायचे नाहीत, हा तिचा नियम. "पोटुशी बाईकडे पगाराचा दाखला मागायला मी काय बँक आहे?" असं ती जरा मान ताठ करून सांगायची. "आपली पायरी आपणच सांगायची." हा विश्वास तिला आजवर महागात पडला नव्हता, कारण साहेबाशी तिची गाठ पडली नव्हती.

साहेब हा फरशांचा व्यापारी. तीन दुकानं. दुकानातली पोरं त्याला साहेब म्हणत आणि तीच सवय त्याने घरी बायकोलाही लावली होती.

"आम्ही तळचे," तो फोनवर म्हणाला. "अगदी तळचे. मंदी आहे हो."

"तळची एकच जागा उरलीय या खेपेला."

"एकच पुरे. जुळी नाहीयेत."

ती जागा सोबतिणीने मनातल्या मनात इस्त्रीवालीला देऊन टाकली होती. इस्त्रीवालीलाही आठवा लागला होता. पहिल्या वेळी ती वॉर्डात पलंगाचा लोखंडी दांडा धरून तेरा तास एकटी पडली होती. त्या तेरा तासांबद्दल ती एकच वाक्य बोलली होती: "दांडा फार गार होता, ताई." गुरुवारपर्यंत कळवते, असं सोबतिणीने तिला सांगितलं होतं. आता तळाशी साहेब बसला की इस्त्रीवालीला पुन्हा दांडाच.

घरी जाऊन बघणं हा कामाचाच भाग. बाई कुठे बसेल, कुठे निजेल, बाळाला कुठे पाजेल, एवढंच बघायचं असतं. साहेबाला वाटलं धाड येणार. मग त्याने धाडीला शोभेल अशी तयारी केली.

दुपारी दार उघडलं तेव्हा घर घुमत होतं. सोफा नाही, टेबल नाही, पलंग नाही. भिंतीवर टीव्हीएवढा फिकट चौकोन. एसी काही उचकटता आला नव्हता, म्हणून त्यावर चादर टाकली होती. वर कुणी तापाचा माणूस निजलाय असं दिसत होतं. फरशीही काढता आली नव्हती. ती परदेशी होती आणि तिच्यात साहेबाचा चेहरा स्वच्छ दिसत होता, हा त्या फरशीचा एकमेव दोष.

साहेबाने काखेत फाटलेला शर्ट घातला होता. चीर कात्रीची होती, सरळ रेषेत. शर्टाला कडक इस्त्री होती.

आणि बायको उलट्या बादलीवर बसली होती. आठवा महिना, आणि बादली.

"टीव्ही विकलात?" सोबतिणीने विचारलं.

"टीव्ही?" साहेबाने हा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं. "आम्ही एकमेकांकडेच बघतो."

बायकोने वर बघितलंच नाही.

सोबतिणीच्या जिभेवर बरंच काही आलं. पण बोलली असती तर साहेबाने दार आपटलं असतं, आणि ही बादलीवरची बाई कळांच्या वेळी एकटी उरली असती. तेव्हा तिने साहेबावर पूर्ण विश्वास ठेवायचं ठरवलं. खोटारड्याचा अपमान करायचा याहून सभ्य मार्ग नाही.

"खुर्चीही नाही ना? हरकत नाही," ती म्हणाली. "साहेब, भिंतीला पाठ लावून बसा. पाय पसरा. आता तुम्ही खुर्ची. वहिनी, या, टेका यांना. रोज तासभर असं बसायचं."

"रोज?"

"खुर्ची बोलत नसते."

चाळीस मिनिटं साहेब खुर्ची होता. पंधराव्या मिनिटाला त्याच्या पायांना मुंग्या आल्या, विसाव्याला त्याने कण्हायला सुरुवात केली. "ही खुर्ची करकरते," बायको म्हणाली, आणि त्या घरात तेवढ्यापुरतं कुणीतरी हसलं.

मग सोबतिणीने आपल्या आयांच्या ग्रुपवर टाकलं: 'एका बाईला आठवा लागलाय, घरात पलंग नाही. कुणाकडे जादा आहे?' साहेबाला तिने तसं सांगितलंही. तो म्हणाला, "फुकट असेल तर हरकत नाही."

'खाट आहे' असं एकीचं उत्तर आलं, तिला पत्ता दिला आणि अर्ध्या तासात बेल वाजली. दारात डोक्यावर खाट घेतलेला एक माणूस, आणि त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून इस्त्रीवाली.

"ठेवा भावजी इथे," ती दिराला म्हणाली. मग तिला साहेब दिसला. "अगंबाई! साहेब, तुमचं घर हे? काय झालं हो? धंदा बुडाला?"

साहेबाने सोबतिणीकडे बघितलं. सोबतीण चादर पांघरलेल्या एसीकडे बघत होती.

"बुडाला," साहेब म्हणाला.

"कधी? परवाच तर बावीस शर्ट आले तुमचे."

"त्यानंतर."

"आणि हा फाटला कसा? परवा माझ्या हातात अख्खा होता."

"मंदीच तशी आहे."

इस्त्रीवालीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "साहेब, तुम्ही सावरेपर्यंत तुमचे कपडे मी फुकट करीन. अजिबात लाजू नका."

लाजण्याचा प्रश्नच नव्हता. "किती महिने?" साहेबाने विचारलं.

बायकोने मान वर केली.

"आणि ताई," इस्त्रीवाली सोबतिणीकडे वळली, "ती तळची जागा यांनाच द्या. यांची पहिली खेप आहे. माझी दुसरी आहे, मी काढीन कशीतरी. खाटही राहू द्या, मला खाली निजायची सवय आहे."

"बघा!" साहेब म्हणाला. "ती स्वतःच म्हणतेय. मनाने मोठी असतात हो ही माणसं."

बायको बादलीवरून उठली. आठव्या महिन्यात बादलीवरून उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात साहेबाचा चेहरा दोनदा बदलला. ती समोरच्या फ्लॅटकडे गेली. तो तिच्या नणंदेचा, एरवी बंद असायचा. किल्ली हिच्या पदरालाच होती.

दार उघडलं. आत सोफ्याला चिकटून सोफा, पलंगावर पलंग, गालिचाची वळकटी, कोपऱ्यात खाली तोंड करून टीव्ही. फ्रिज चालू होता.

इस्त्रीवालीने सगळं नीट बघून घेतलं. "साहेब," ती शेवटी म्हणाली, "बुडाला म्हणजे इथे बुडाला होय?"

"बस गं," बायको तिला म्हणाली. दोघी पुढच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या, कारण उभं राहणं दोघींनाही जड झालं होतं. "ताई, आम्हाला वरच्या पायरीवर लिहा. आणि तळाशी हिला."

"अगं, मधली तरी!" साहेब म्हणाला. "निदान मधल्याच्या जरा वर? फरशीत आम्ही अर्धी पेटीही देतो गिऱ्हाइकाला."

"बरं. मग दुकानातल्या पोरांना बोलावते सामान परत लावायला. विचारतील, साहेब, हे काय. सांगा त्यांना तुम्हीच."

साहेब वरच्या पायरीवर चढला. असं जिवावर आल्यासारखं वर चढताना सोबतिणीने अजून कुणाला पाहिलं नव्हतं. दिराने खाट पुन्हा डोक्यावर घेतली.

"आणि ते कपड्यांचं?" ती निघताना साहेबाने विचारलं.

"ते बुडालेल्यांसाठी होतं," इस्त्रीवाली म्हणाली.

तिचं बाळंतपण आधी झालं. अकरा तास लागले, आणि अकराही तास सोबतिणीचा हात तिच्या मुठीत होता. नंतर दोन दिवस सोबतिणीला त्या हाताने चहाचा कपही धरवत नव्हता. मुलगी झाली, आवाजाने खणखणीत.

नऊ दिवसांनी साहेबाच्या बायकोचं झालं. तिसऱ्या आठवड्यात सोबतीण तिला भेटायला गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन व्यापारी सोफ्यावर बसले होते आणि साहेब त्यांना सांगत होता, "कुणाला बोलू नका, पण एका गरीब बाईचं अख्खं बाळंतपण आपण केलं."

व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या.

"हो का?" आतून बाळाला पाजता पाजता बायको म्हणाली. "मग कंबर कुणी दाबली तुमची?"