गुरुवारची बैठक

"मंडळाच्या अध्यक्षानं किती वर्षं राहावं?" नैरोबीहून आलेल्या मुटिसो सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि नामाल्वामाईंनी डोळे मिटून घेतले. हे त्यांचं सहावं प्रशिक्षण. दर खेपेला नवे सर, नवी पिशवी, नवं पेन आणि प्रश्न मात्र तोच! गावच्या प्रसूतिगृहाच्या मंडळावर माई चौदा वर्षं अध्यक्ष होत्या. नियमात सहाच लिहिली होती. आता देणगीदारांनी निक्षून सांगितलं होतं, या वर्षी माणूस बदला, नाहीतर मदत बंद.

माईंना तरी कुठं हौस होती? गुडघे कामातून गेले होते. गळक्या छपरापासून नर्सांच्या भांडणापर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर. तीनदा त्यांनी 'सोडते' म्हणून सांगितलं आणि तिन्ही वेळा मंडळींनी टाळ्या वाजवून त्यांनाच बसवलं. जीव अगदी विटला होता.

"चला, सराव म्हणून निवडणूक घेऊ," सर म्हणाले. "या चिठ्ठ्यांवर गुपचूप नाव लिहा."

"चिठ्ठ्या कशाला? आम्ही काय चोर आहोत?" मंडळातले म्हातारे पाद्री बरासा उखडले. "आमच्याकडे रांग लागते. ज्याला मत, त्याच्या पाठीमागं उभं राहायचं. सगळ्यांदेखत!"

मंडळींनी लगेच माईंचं नाव घेतलं; माईंनी आपल्याविरुद्ध नांजालाचं नाव पुढं केलं. नांजाला बाजारात सुकी मासळी विकायची. कामाला वाघीण, पण मंडळावरच्या नऊ वर्षांत बैठकीत तोंड म्हणून उघडलं नव्हतं. दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागं पावलं वाजली. माईंनी वळून पाहिलं, तर सगळेच्या सगळे त्यांच्या मागं. नांजालाकडे चिटपाखरू नाही.

"अरे देवा! मेल्यांनो, मला सोडणार तरी कधी?"

"माई, तुमच्याकडे पाठ फिरवून उभं राहायची कुणाची छाती आहे?" बरासा म्हणाले.

माई लंगडत निघाल्या आणि नांजालाच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मग एकेक करून सगळी रांग मुकाट त्यांच्या मागं आली.

सरांनी टाळी वाजवली. "सरावाचा हाच निकाल खरा म्हणून कागदावर घ्यायचा का?"

"घ्या," माई म्हणाल्या.

नांजाला वळली. तिचा चेहरा उतरला होता. "माई, आता मी काय बोलू?"

सगळ्यांच्या नजरा माईंकडे. उत्तर माईंच्या ओठांवर आलं होतं, सवयच ती. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

शेवटी नांजालानं घसा खाकरला. "पुढची बैठक शनिवारी. गुरुवारी... गुरुवारी माझा बाजार असतो."

बैठकीचा गुरुवार माईंनीच ठरवला होता, स्वतःच्या सोयीनं. "नऊ वर्षं, पोरी? दर महिन्याला तू बाजार बुडवून यायचीस? बोलली का नाहीस गं?"

"कुणी विचारलंच नाही, माई."

माई खुर्चीत बसल्या. आपण एकट्याच दमलोय, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. त्यांनी पिशवीतून नवं पेन काढलं आणि वहीत लिहिलं, शनिवार.