वीतभर पट्टी

अंकुशराव वकिलांची मोटार हॉर्न वाजवीत आली, गुंडेराव मिस्त्रींच्या दुकानापुढून तशीच सरकली आणि सडकेपलीकडे तिप्पण्णाच्या दारात जाऊन थांबली. नमस्कारासाठी पुसलेले हात गुंडेरावांनी उगीच पुन्हा धोतराला पुसले.

"तिकडं कामून गेली गाडी?" शकुबाईनं आतून विचारलं.

"मला काय इचारतीस? गाडीला इचार."

शकुबाई हसली. मग नवऱ्याचं तोंड बघून चुलीकडे वळली.

मन्नाएखेळ्ळी गावात मिस्त्री म्हटलं की गुंडेराव, हे वीस वर्षं ठरलेलं होतं. आधी ते छपराच्या दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, बांधत. हैदराबादच्या सडकेवर मोटारी दिसू लागल्या आणि त्यांची दारं आतून लाकडाचीच असतात हे कळलं, तेव्हा ते मोटारींकडे वळले. तिप्पण्णा आठ वर्षं त्यांच्या हाताखाली राबला आणि पाडव्याला त्यानं समोरच दुकान मांडलं. नारळ फोडायला त्यानं गुंडेरावांनाच नेलं होतं. तेव्हा काही वाटलं नाही. गाव त्याला अजून नुसतं तिप्पण्णा म्हणत होतं.

वकिलांच्या गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. गाडी ताशी चाळीस मैलांवर गेली की पुढच्या डाव्या दाराची काच वरून खाच सोडायची, शीळ घालायची आणि धूळ आत यायची. त्या बाजूला वकिलांची बायको सोजराबाई बसत. शिळेनं त्यांचा कान ठणके. आता हैदराबादेत माहेरचं लग्न होतं आणि काच दुरुस्त झाल्याशिवाय आपण गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

गुंडेरावांनी ती काच तीनदा दुरुस्त केली होती. वाऱ्यानं काच आत येऊ नये म्हणून आतून सागाची पट्टी ठोकली. उभ्या गाडीत दार आपटून पाहिलं, काच हलवून पाहिली. जागची हलेल तर शपथ! आणि तिन्ही वेळा वकील आठवड्याच्या आत परत आले.

दुपारपर्यंत तिप्पण्णानं काम उरकलं. वकील एक फेरी मारून आले आणि चहाच्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शीळ नाही, काही नाही! पोराच्या हातात जादू आहे."

तिप्पण्णा सडक ओलांडून गुंडेरावांकडे आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मिस्त्री, काच आत येतच न्हवती वं. भाईर वडली जायलती. गाडी पळाया लागली की वारा तिला भाईर खेचतोय. मी खाचेच्या भाईरल्या अंगाला वीतभर पितळी पट्टी लावली, खाली खोगिराचा लोकरी नमदा घालून. नमदा तुमीच शिकिवला न्हाई का?"

"वारा खेचतोय?" गुंडेराव म्हणाले. "वारा ढकलतोय, लेका. जन्मभर दमण्या बांधल्या म्या. पडदा आतच फुगतोय."

"बैल पळून पळून किती पळंल, मिस्त्री?" तिप्पण्णा साधेपणानं म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

साधेपणानंच म्हणाला, म्हणून ते जास्त झोंबलं. गुंडेरावांचा जळफळाट झाला. पोराला हे कळलं कसं, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. तो पळत्या गाडीत बसला असणार! मालकाच्या गादीला आपलं तेलकट बूड लावायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा पहिला धडा. वीस वर्षांत ते स्वतः पळत्या मोटारीत एकदाही बसले नव्हते. बसावंसं वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी धूळ उडवीत गेली, की ती वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहत. आणि हा कालचा पोर धडा मोडून ऐटीत गादीवर बसला आणि त्याच्या हातात जादू!

गाडी तिप्पण्णाच्या दारात एकटीच उभी होती. वकील हॉटेलात दुसरा चहा घेत होते. गुंडेराव कमरेचा पेचकस चाचपत पलीकडे गेले. पट्टी सुबक बसली होती, तेही त्यांना सहन झालं नाही. दोन पेच सोडवायला कितीसा वेळ? पट्टी पेच-नमद्यासकट बंडीच्या खिशात गेली.

तेवढ्यात वकील हॉटेलातून बाहेर आले. "वा, मिस्त्री! शिष्याचं काम तपासताय? चला, बसा, दाखवतोच तुम्हाला."

"न्हाई जी. गादी खराब व्हईल."

"गादी झटकता येते हो. बसा म्हणतो ना!"

हॉटेलातले लोक बघत होते. नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. गुंडेराव त्याच दाराशी, सोजराबाईंच्या जागेवर, अंग चोरून बसले.

गावाबाहेर बैलगाड्यांची रांग होती, म्हणून वकील हळू चालवीत होते. "तुमच्याकडची माणसं मोठी हट्टी," ते म्हणाले. "सकाळी तिप्पण्णाला म्हटलं, आत बस आणि काच बघ. ऐकेचना. 'आमच्या मिस्त्रीचा नेम हाय, मालकाच्या गादीवर बसायचं न्हाई.' शेवटी बाहेर पायदानावर उभा राहिला. चाळीस मैलांवर, अहो! एका हातानं टप धरलेला, डोळ्यांत धूळ, नाक काचेला. हात सुटला असता तर? मीच घाबरलो."

गुंडेराव गादीच्या कडेला सरकले. आपल्या बुडाखालची मऊ गादी त्यांना टोचू लागली.

रांग संपली. पुढे सडक सरळ होती. "आता बघा!" म्हणत वकिलांनी गाडी सोडली. झाडं मागे पळू लागली. गुंडेरावांनी काचेकडे पाहिलं. काच हळूच, कुणी बोटानं ओढावी तशी, बाहेर निघत होती. आत नाही. बाहेर! पोर खरं बोलला होता. वरच्या फटीत बारीक शीळ सुरू झाली. आणखी क्षणभर, की वकिलांना ऐकू येणार, पोराची जादू गावभर खोटी ठरणार. तासापूर्वी हेच तर हवं होतं.

गुंडेरावांनी हात वर केला, चारही बोटं फटीत घातली आणि काचेची कड आत ओढून धरली. शीळ थांबली. काच आणि लाकूड यांच्यामध्ये बोटं चेंगरू लागली. प्रत्येक खड्ड्याला काच बोटांत रुतत होती.

"काय मिस्त्री, धरून बसलात? घाबरलात की काय?"

"व्हय जी," गुंडेराव म्हणाले. "सवय न्हाई. लई भ्या वाटायलंय."

वकील खो खो हसले. "मोटारींचा मिस्त्री, आणि मोटारीत घाबरतो! पण काच कशी आहे, सांगा."

"काम चोख हाय," गुंडेराव म्हणाले. "हात चांगलाय त्याचा."

पाच मैलांच्या दगडापर्यंत जाऊन गाडी वळली. परतीच्या पाच मैलांतही त्यांनी बोटं काढली नाहीत.

तिप्पण्णा दारात उभा होता. वकील सोजराबाईंना आणायला गल्लीत गेले. तिप्पण्णानं दार उघडलं. आधी त्याला पेचांची रिकामी भोकं दिसली, मग गुंडेरावांची बोटं. नखं काळीनिळी पडली होती, दोन बोटांना रक्त आलं होतं. गुंडेरावांनी दुसऱ्या हातानं खिशातून पट्टी काढून त्याच्यापुढे धरली.

"म्या काढली होती," ते म्हणाले.

तिप्पण्णानं पट्टी हातात घेतली. "मिस्त्री, बोटाला हळद लावा," एवढंच तो म्हणाला आणि पेचकस घेऊन कामाला लागला. पहिला पेच बसेना. गुंडेरावांनी न सांगताच काच आतून धरून ठेवली, त्याच बोटांनी.

"नीट आवळ. बाईसाहेब बसणार हायत."

"व्हय."

दुसरा पेच बसत होता तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वकील दिसले. सोजराबाई त्यांच्या मागे होत्या. "मिस्त्री!" वकिलांनी लांबूनच हाक मारली. "निघायचं का?"

दोघांनीही वर पाहिलं. तिप्पण्णा लगेच मान खाली घालून पेच पिळू लागला.

"अरे, जा की," गुंडेराव म्हणाले. "तुला बोलवायलेत."

तिप्पण्णा गेला. गुंडेरावांनी उपरण्यानं गादी झटकली, दार हलकेच लावलं आणि दुखरी बोटं काखेत धरून सडक ओलांडली.