कोंबड्याच्या हातचा घास

मी कोंबडा बोलतोय, पण आरवण्याची अपेक्षा ठेवू नका. मी आतून पोकळ आहे. शिवणयंत्राखाली माझ्यासारखे शेकडो जन्मले आणि देशोदेशी गेले. सगळ्यांचं हसू एकाच मापाचं. तळलेली कोंबडी विकणाऱ्या दुकानाच्या दारात कोंबड्यानेच उभं राहून गिऱ्हाइकांना आत बोलवायचं, यात कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही ते फार उशिरा वाटलं.

माझ्या आत एक बाप घामाघूम होऊन हात हलवत असे. मला धुवायला तो घरी नेई. तिथेच घोटाळा झाला. पिशवीवर, बसवर, टीव्हीवर रोज दिसणारा मी दोरीवर उलटा लटकतोय हे पाहून त्याच्या लहानग्या लेकीने भोकाड पसरलं. तिला गप्प करायला बापाने मला अंगावर चढवलं आणि माझा पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने एक घास पुढे केला. एरवी घासामागे घरभर पळायला लावणारी पोर ताट चाटूनपुसून मोकळी झाली.

मग रोजचंच झालं. बापाने मोकळ्या हाताने भरवलं की ती तोंड फिरवी.

"कोंबडेराव," त्याची बायको मला म्हणाली, "आत आमचे हे असतील तर त्यांनाही जेवायला पाठवा. भाजी गार होतेय."

तो हसला. पण मी आतून ओला झालो, तो घाम नव्हता.

त्याने मग मला थोडं थोडं उतरवायला घेतलं. आधी पाय, मग शेपूट, मग पोट. पोर जेवत राहिली. शेवटी त्याने धीर करून मुंडकं काढलं. तिचा घास तोंडातच राहिला.

"बाबा, तू कोंबड्याला खाल्लंस?"

"नाही गं. त्यानेच मला गिळलं होतं."

तिने विचार केला आणि तोंड उघडलं, पण हातमोज्यापुढेच.

एवढ्यात कंपनीने नवं हसू काढलं आणि जुने कोंबडे परत मागवले. बापाने मला जमा केलं, उजवा हातमोजा सोडून. धुताना हरवला, म्हणाला. साहेब अजून शोधतायत.

शोधू नका, साहेब. मी गोदामात थोटाच बरा आहे. त्याच्या घरून निघताना पाहिलं, त्याने कात्रीने हातमोज्याची बोटं एकेक करून कापायला घेतली होती. चार बोटं उघडी झाली होती आणि पोर जेवत होती.

अंगठ्याचं काय झालं, एवढं मात्र कुणीतरी येऊन सांगा.