नत्थुजींची पाळी

भगवंतरावांनी वीणेचा भार डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतला आणि पुन्हा मंडपाच्या वाटेकडे पाहिलं. नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्या गावात नामसप्ताह बसला होता. तो संपेपर्यंत वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भगवंतरावांची पहाऱ्याची पाळी केव्हाच संपली होती. पुढची नत्थुजींची, आणि दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, सरकल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"येतीन का ते, बाबा?" खांबाला टेकलेल्या आकांक्षानं विचारलं.

"येते ना. त्याची घडी त्याच्या धुऱ्यावानीच आहे, सरकत राहते."

ती हसली, पण डोळे मिटूनच. बंगळुरूला तिचं कामही पहाऱ्याचंच होतं, चंद्राभोवतीच्या यानांवर नजर ठेवण्याचं. एका बड्या देशाचं यान सारखं आपल्या यानाजवळून जात होतं. पाळत की योगायोग, तिला कळत नव्हतं. साहेबांना अहवालात 'पाळत' हवं होतं, आज संध्याकाळच्या आत, तिच्या सहीनं. तसं लिहिलं की आपलं यान त्यांच्यामागे लागणार, मग त्यांचं आणखी एक येणार. या सगळ्याचा तिला शीण आला होता.

नत्थुजी ओल्या पावलांनी आले. वर न बघता त्यांनी भगवंतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं, वीणा गळ्यात घेतली. मग भगवंतराव वाकले, त्यांच्या पायांवर. नाम तुटलं नाही; एकाच्या ओठांवरचं दुसऱ्यानं उचललं.

"आता बोलता का त्यायच्यासंग?" आकांक्षानं विचारलं.

"नाही." भगवंतराव खांदा चोळत म्हणाले. "मी कवा येतो ते पुजाऱ्याजवळ सांगून ठेवतो, तो बी सांगते. वीना त पडली नाही ना अजून."

आकांक्षा मंडपामागे गेली. फोनवर तिनं साहेबांना सांगितलं, 'पाळत' लिहिणार नाही. आपलं यान केव्हा, कुठून जाणार ते त्या देशाला आधी कळवावं, एवढंच लिहीन.

"आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर पुढच्या वेळी पुन्हा कळवू, सर."

"हे तुझ्या एकटीच्या सहीनं जाईल."

"हो, सर."

फोन ठेवून ती पुजाऱ्याकडे गेली. उद्या वडलांच्या जागी आपण उभं राहू, म्हणाली. पुजाऱ्यानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"तुह्यामागून नत्थुजी हायेत बरं, पोरी. वाट पाहा लागते."

"पाहीन," ती म्हणाली.