काजूखाली टेकलेला माणूस

मित्रांनो, मी गोव्यातल्या हळर्ण गावच्या एका स्वयंपाकघरातला जुना फ्रिज आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे. दाराचं रबर सैल झालंय, पायांना गंज चढलाय, व्होल्टेज पडलं की अंगाला कापरं भरतं. तरी एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच दारावर घडली, तेव्हा सांगणंही माझ्याच वाट्याला आलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते म्हापशाचं दुकान, आणि तिथून टेम्पोत घालून मला आणणारे कृष्णनाथ. काजूची बागायत करणारा साधा माणूस. धक्का बसू नये म्हणून वाटभर त्यांनी माझ्या पाठीला हात लावून ठेवला होता. सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! शेजारीपाजारी बर्फ मागायला येत. काजूच्या दिवसांत बोंडवांच्या, म्हणजे काजूफळांच्या, गोड रसाच्या, नीरोच्या, बाटल्या माझ्यात गार व्हायच्या. पुढे घरोघर फ्रिज आले आणि माझं कौतुक आटलं. राहिले बांगडे, ताक आणि खोबरं. पण कौतुक संपलं म्हणून काम थोडंच संपतं?

मग एका उन्हाळ्यात कृष्णनाथ बागायतीत गेले ते परत आले नाहीत. दुपारी काजूच्या झाडाला टेकून बसले होते, तसेच गेले. घरात त्यांची बायको सुमंगलाबाई आणि मुलगी सिद्धी, दोघीच राहिल्या.

सिद्धी मोठी होऊन म्हापशाच्या एका इस्पितळात रुग्णांची सेवा करू लागली. तिला जपानला जायचं होतं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा हवी, आणि पहिल्या खेपेला ती नापास झाली. या वेळीही आपटली तर तिथली ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती.

अडचण होती ती जपानीतल्या चित्रासारख्या अक्षरांची. त्यांना कांजी म्हणतात. जपानीच्या क्लासचे मधुकर सर प्रत्येक अक्षराला पुस्तकातली एक गोष्ट जोडून देत, कधी बर्फाच्या डोंगराची, कधी कुणा लढवय्याची. सिद्धीच्या डोक्यात ती काही राहीना. शेवटी सरच म्हणाले, गोष्ट आपल्या घरची लागते, उसनी चालत नाही.

झालं, माझं दार कागदांनी भरलं. एक अक्षर वाचल्याशिवाय दार उघडायचं नाही असा सिद्धीने नियम केला आणि तो आईलाही लावला. चार चौकोनांचं अक्षर म्हणजे शेत, मातीच्या मेरांनी पाडलेले भाताचे आपलेच चार कुणगे. छपराखाली बाई म्हणजे शांतता, कारण आई घरी आली की कुत्राही भुंकायचा थांबतो. सुमंगलाबाई हातात बांगडे घेऊन "शेत, शेत" म्हणत उभ्या राहत आणि मांजर पायांत घोटाळत राही. दहादा दार उघडून मला धाप लागायची. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मग एके सकाळी नवा कागद लागला. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड. अर्थ, विसावा. सिद्धी मोठ्याने घोकत होती की काजूखाली बाबा बसले ते उठलेच नाहीत, कायमचा विसावा. मागे आई उभी आहे हे तिला कळलं नव्हतं.

सुमंगलाबाईंनी तो कागद ओढून काढला आणि मुठीत चुरगळला.

"बापायचं मरण माज्या फ्रिजार चिकटवू नको," एवढंच त्या म्हणाल्या.

सिद्धीने बाकीचेही कागद काढले. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. माझं दारही गुपचूप उघडायचं आणि मिटायचं. सिद्धीची पाठ झालेली अक्षरंसुद्धा निसटू लागली. घरची कुठलीही गोष्ट आठवायला गेली की ती त्या झाडापाशीच जाऊन पोचायची, म्हणून ती आठवणंच टाळू लागली. पोरगी पुन्हा नापास होणार हे मला दिसत होतं, आणि मला नुसतं घरघरता येत होतं.

परीक्षेच्या सकाळी सिद्धी चहा तसाच ठेवून निघत होती. सुमंगलाबाईंनी मेजाच्या खणातून तो चुरगळलेला कागद काढला, हाताने सपाट केला आणि माझ्या दारावर लावला. उलटा लावला, त्यांना काय कळणार!

"तुका ते मेलेले दिसतंत," त्या म्हणाल्या. "मी रोज दोपारी पेज घेवन जाय होतंय. ते थंयच काजीक टेकान बसलेले आसायचे, मी डबो उघडीपर्यंत डोळे मिटून. उठले नाय तो एकच दिस गो. बाकीचे सगळे दिस ते उठले, पेज जेवले आनी कामाक लागले. तां लिव."

सिद्धी रडली. कागद तिने सुलटा केला नाही. आईचा हात थोडा वेळ धरून राहिली आणि बस चुकेल म्हणून धावत गेली.

ती पास झाली आणि जपानला गेली. तिकडच्या ड्युटीच्या तक्त्यावर सुट्टीच्या दिवशी हेच अक्षर असतं, असं तिने फोनवर सांगितलं. ते दिसलं की बाबा पेज जेवताना दिसतात, म्हणाली. सुमंगलाबाईंनी तो फोन बराच वेळ कानाशी धरून ठेवला.

मित्रांनो, गेलेल्या माणसाला आठवायचं तर त्याचे सगळे दिवस आठवा, शेवटचा तेवढा धरून बसू नका. आणि जे अजून राबत आहेत, मग ते माणूस असो की यंत्र, त्यांना कधीतरी बसायला सांगा. आपणहून ते बसत नाहीत.

आता एकटीला लागतं किती? आज दुपारी सुमंगलाबाईंनी उरलेलं ताक पिऊन टाकलं, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि माझा खटका बंद केला.

"सांजेक लावतंय," त्या म्हणाल्या. "बस रे जरा."