एका पानाचं तिकीट

"मावशी, डबा वर फळीवर ठेवा की! पाय टाकायला जागा न्हाई," कंडक्टर आदेश ओरडला.

"नाय ठेवायची!" शिनोलीला एसटीत चढल्यापासून लंकाबाईने डबा पोटाशी धरला होता.

"असं हाय तरी काय त्यात?"

"भाजी."

आत ओल्या फडक्यात, मातीसकट, बोटभर उंचीचं एकाच पानाचं रोप होतं. नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, भावकीतलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मोहिनीला, तिच्या लेकीला, ते जिवंत हवं होतं. आधी दोनदा ड्रायव्हरजवळ धाडलं, तर मेल्याने इंजिनाशेजारी ठेवलं आणि रोपाने मान टाकली. ते उगवतं तो गावचा माळ आता पिवळा पडत आलेला. हेही वाळलं तर पोरीचं वर्ष वाया. पण हे गाडीत सांगायचं कसं? एवढी शिकली आणि पाला चिरते, म्हणून गावात आधीच हसं होतं.

"भाजीचं तिकीट फाडू का?" आदेश म्हणाला. गाडी हसली. लंकाबाईची कानशिलं तापली. मंचरला कांद्याच्या ट्रकांत गाडी अडकली, तेव्हा बाटलीतलं पाणी तिने स्वतः न पिता फडक्यावर शिंपडलं.

प्रयोगशाळेत मोहिनीने झाकण उघडलं. पान ताठ होतं.

"आये, जित्तं हाय गं!" ती तिथेच आईच्या गळ्यात पडली.

मग तिने ब्लेडने पानाचा तुकडा आणि कांद्याची पात एकत्र बारीक चिरली. "कांद्याचं माप ठावं हाय. तराजूत वजन ठेवत्यात ना, तसा त्यो. त्यावरनं ह्याच्या पेशीत डीएनए किती, ते कळतं."

"डीएनए? टीव्हीत खुनी धरत्यात त्यो?"

"त्योच."

चिरलेलं गाळून मशीनमध्ये सोडल्यावर पडद्यावर दोन उंचवटे उठले. कांद्याचा अलीकडे, रोपाचा पार पलीकडे.

"आये, डीएनए माणसाच्या वीसेक पट!"

"अगं बया! एवढुशा ह्याच्यात?" लेकीच्या तोंडावरून हात फिरवून लंकाबाईने कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळच्या गाडीवर नेमका आदेशच. उरलेलं रोप परत माळावर लावायला तिने डब्यात घेतलं होतं.

"काय मावशी, भाजी खपली न्हाई?"

"भाजी न्हाई ती. माझ्या लेकीनं आज मोजलंय त्याला. तुझ्यामाझ्यापरीस लई मोठं निघालं." गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली. "माझं बाईमाणसाचं अर्धं दे. ह्याचं फुल्ल फाड!"

डबा खिडकीकडच्या सीटवर ठेवून ती कडेला बसली. आदेश या वेळी हसला नाही. त्याने तिचं अर्धं तिकीट दिलं, डब्याचे पैसे घेतले नाहीत. मागून चढलेला एक प्रवासी डबा उचलून तिथे बसू लागला, तेव्हा आदेशच म्हणाला,

"ऱ्हाऊ द्या राव. ते सीट भरलंय."