शर्टातले बारा ग्रॅम

अधिक सत्तर

काटेवाल्याचा आनंद पोटात मावेना. दिवस भरायच्या दहा आठवडे आधीच घाई करून आलेली त्याची लेक एका दिवसात सत्तर ग्रॅमने वाढली होती. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेलेली, ग्रॅम म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको. पोरीचं नाव ठेवायचं बाकी होतं. तोवर तो तिला छटाक म्हणायचा. त्याने आईला फोन लावला.

"सत्तर? गुणाची बाई माझी! दृष्ट काढा रे कुणीतरी!"

मागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. "काटेवाले, फोन ठेवा. हे बाळसं नाही. पाणी आहे."

उघडी नळी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर बटाट्यासारखं हृदय काढलं आणि त्याला शेपूट जोडलं. ही शेपूट म्हणजे रक्ताची नळी, बाळ पोटात असताना उघडीच असते, जन्मल्यावर आपोआप मिटते. छटाकची मिटली नव्हती. त्यामुळे नको तेवढं रक्त फुफ्फुसांकडे जात होतं, तिथे पाणी साचत होतं आणि तिला धाप लागत होती.

"औषधाने नळी मिटेल?" छटाकच्या आईने विचारलं.

"या औषधाने नाही. हे लघवीचं औषध. साचलेलं पाणी काढेल, तिला दम खायला जागा देईल. नळी मिटण्याची वाट आपण बघतोय. आत्ता दहा वाजलेत. दोनपर्यंत वीसेक ग्रॅम लघवी झाली, तर ठीक. नाहीतर घशात पुन्हा श्वासाची नळी घालावी लागेल."

ती नळी निघून तीनच दिवस झाले होते. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी लेकीचं रडणं ऐकलं होतं. मांजराच्या पिल्लाएवढं.

तीन

बारा वाजता सिस्टरांनी लंगोट बदलला आणि काट्यावर ठेवला. कोरा किती, ओला किती, वजाबाकी म्हणजे लघवी. तीन ग्रॅम.

"काटा बरोबर आहे ना?" काटेवाला.

"तुम्हीच तपासलाय पहिल्या दिवशी. खिशातलं पितळी वजन ठेवून. मी ते स्पिरिटने पुसायला लावलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. काटा बरोबर होता. हेच तर वाईट होतं.

शून्य

(एक वाजता. काही नाही.)

चार

मग सिस्टर म्हणाल्या, छातीशी घ्या, पोर शांत होते. आज नवा लंगोट बांधायची पाळी बापाची. त्याने तो बांधला. म्हणजे टेकवला. एवढंसं पोट, आवळायचं तरी कसं? मग शर्टाची बटणं सोडून तो खुर्चीत रेलला, सिस्टरांनी नाकातल्या नळ्या सांभाळत छटाकला त्याच्या छातीवर ठेवलं. तो छताकडे बघत दोन वाजायची वाट बघत बसला. आपल्याला घाम फुटलाय, एवढंच त्याला कळलं.

पावणेदोनला लंगोट काट्यावर. चार ग्रॅम.

"सात झाले," छटाकची आई म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. "अहो, शर्ट बघा तुमचा!"

डावी बाजू पार पिळून काढावी अशी.

"लंगोट बांधलाय की तोरण?" सिस्टर कडाडल्या, आणि लगेच हसायला लागल्या. "अरे देवा, मुतली की पोरगी! पण आता मोजायची कशी?"

मोजायची कशी, हे कुणाला विचारत होत्या त्या!

दोनशे शेहेचाळीस

त्याच्या पिशवीत कामाचा दुसरा शर्ट होता. एकाच ताग्यातले, एकाच शिंप्याचे, एकाच दिवशी शिवलेले दोन्ही. कोरा भरला दोनशे एकोणतीस. ओला दोनशे शेहेचाळीस. गडी उघड्या अंगाने काट्यापुढे उभा.

"सतरा! सतरा नि सात चोवीस!" बायकोने टाळी वाजवली.

त्याने ओल्या शर्टाच्या खिशात बोटं घातली. एक स्क्रू निघाला.

"राहू द्या ना तो," बायको कुजबुजली.

राहू द्यावा असं त्यालाही वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पारड्याखाली मेण चिकटवणारे दुकानदार वीस वर्षं त्याला हेच तर म्हणत आले होते. पण इथे फसणार कोण होतं? पलीकडे धापा टाकणारी छटाक.

"स्क्रूचे दोन वजा," तो म्हणाला. "आणि घामाचे तीन."

"घामाचे तीन कशावरून?"

"सिस्टर, बेकरीतला काटा दुरुस्त करायला भट्टीशेजारी अर्धा-पाऊण तास बसलो की माझा शर्ट किती पितो, ते मी मोजलेलं आहे."

"संसार कसा केलात हो यांच्याबरोबर?" सिस्टरांनी बायकोला विचारलं.

"तोलून मापून," बायको म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते.

उरले बारा. एकूण एकोणीस.

एक कमी

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग काट्याकडे पाठ करून बाळाच्या काचेच्या पेटीपाशी गेल्या आणि घड्याळ धरून छटाकचे श्वास मोजले. सकाळी मिनिटाला ऐंशी होते. आता छप्पन्न.

"एक ग्रॅम कमी पडतोय," काटेवाला म्हणाला. त्याला राहवलंच नाही.

"एका ग्रॅमसाठी लेकराच्या घशात नळी घालणारी बाई वाटते का मी तुम्हाला? पाणी उतरतंय. नळी नको. संध्याकाळी पुन्हा बघू. आणि तुम्ही आधी अंगात काहीतरी घाला."

तक्त्यात सिस्टरांनी लिहिलं: लंगोट ३. लंगोट ४. बाबांचा शर्ट १२.

उणे साठ

"आई, कालपासून साठ ग्रॅमने घटली!"

"आणि ओरडतोस काय आनंदाने? शुद्धीवर आहेस ना?"

"आहे गं. नळी मिटायची आहे अजून. पण आज पोरगी मोकळा श्वास घेतेय. नि ऐक, सिस्टरांनी मला लंगोट बांधायची बंदी घातलीय."

"चांगलं केलं," आजी म्हणाली. "तुलाही बापाने असाच बांधला होता एकदा. सतरंजी कुणी मोजली नाही, एवढंच."